मामांची फुंकणी

माझ्या मामेसासऱ्यांनी जिचं झाकण उघडून आत पाहिलं नाही अशी वस्तू हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, आणि सापडलीच तर ती कुणीतरी त्यांच्यापासून लपवून ठेवलेली असणार. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सेनगावात त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे, पण मोटार भरणं हा निव्वळ पोटाचा धंदा. खरा धंदा चौकशीचा. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, मामा टेस्टर लावतात. माझ्या लग्नात आमच्या अंगावर फुलं पडायच्या नेमक्या वेळी माईक बंद पडला, तो मामांनी ॲम्प्लिफायर उघडून पाहिल्यामुळे, आणि पाच मिनिटांत पूर्वीपेक्षा खणखणीत सुरू झाला, तोही मामांमुळेच. पाहुण्यांना औंढ्याला घेऊन गेले की पाहुणे देवळात आणि मामा बाहेर रसवंतीवाल्याच्या चरकाचे दाते मोजत उभे. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली तर यांनी डॉक्टरांच्या कानातून ती काढून घेतली आणि आधी स्वतःची, मग डॉक्टरांची छाती ऐकली. डॉक्टरांचे ठोके जलद पडत असल्याचं निदानही जाता जाता करून टाकलं.

मी हिंगोलीच्या एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या माहेरी या गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की पंखा हवा खाली फेकतो, तर वरची हवा संपत काहून नाही. मी दोन-तीन इंग्रजी शब्द वापरून वेळ मारून नेली. मामांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "म्हंजी तुमालाबी ठाऊक न्हाई. राहू द्या, आपुन दोघं मिळून बघू." तेव्हापासून आमची गट्टी जमली. रविवारी हिंगोलीत आले की मामा आधी माझ्याकडे येतात, चहा घेतात आणि आठवडाभर साठवलेले प्रश्न काढतात. माझ्या वर्गातल्या पोरांनी यातला एक जरी प्रश्न विचारला असता तर माझी नोकरी सार्थकी लागली असती.

आता मुद्द्याचं सांगायला हवं. मामा दारू पीत असत. रोज नव्हे; आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि एखादी आनंदाची बातमी आली की. पिऊन कुणी गाणी म्हणतं, कुणी रडतं, कुणी भावकीची भांडणं उकरून काढतं. मामांचं फक्त कुतूहल वाढायचं. एरवी मोटारीचं झाकण उघडणारा माणूस दोन पेग झाल्यावर आभाळाचं झाकण उघडायला निघायचा, एवढाच फरक. पण या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो अख्ख्या गावाला ठाऊक होता. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळे मिळून पंचशील म्हणतात. मामा पहिली चार शीलं खड्या आवाजात, उच्चार न चुकता म्हणायचे. पाचवं आलं, म्हणजे दारू-नशेपासून दूर राहण्याचं, की गप्प व्हायचे आणि छताकडे पाहायचे. विहारातल्या बौद्धाचार्यांनी एकदा वैतागून कारण विचारलं. मामांनी हात जोडून सांगितलं, "चौथ्यात म्हनलो, खोटं बोलनार न्हाई. लगेच पाचव्यात खोटं कसं बोलू, गुरुजी?" विहारात सगळी पाचही म्हणणारे आणि सहा वाजता भलतीकडे दिसणारे दोघं-तिघं होते, ते त्या दिवशी चपला शोधायच्या निमित्तानं लवकर बाहेर पडले.

मामांना एकच मुलगी. नर्सिंग शिकलेली, वाशीमला एका दवाखान्यात अपघात विभागात काम करते आणि सासरही तिथलंच. तिला दिवस गेल्याची बातमी आली त्या दिवशी मामा जीप घेऊन थेट वाशीमला जाऊन आले. जीप जुनी, पण मामांच्या हातची; तिचा प्रत्येक नट त्यांनी निदान दोनदा काढून बसवलेला. याच जीपमधून मुलगी हिंगोलीला कॉलेजात गेली, आणि लग्न झाल्यावर याच जीपमधून, मामांनी स्वतः चालवत, तिला सासरी पोचवली. आता पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात तिला याच जीपनं घरी आणायची. परतीच्या वाटेवर मामा हेच ठरवत होते. तेवढ्यात कनेरगाव नाक्याचे ढाबे आले. आजोबा होणार ही बातमी आनंदाचीच होती, आणि आनंदाच्या बातमीबद्दलचा मामांचा रिवाज वर सांगितलाच आहे.

ढाब्यावरून निघून पुरता मैलभरही झाला नसेल, पोलिसांनी जीप अडवली. हवालदारानं नळी पुढे करून फुंकायला सांगितलं. दुसरा कुणी असता तर हातापाया पडला असता, कुणा पुढाऱ्याला फोन लावला असता. मामांनी विचारलं, आत काय असतं. हवालदार म्हणाला, आधी फुंका. मामांनी फुंकलं, आकडा आला, हवालदारानं वही काढली. मामा म्हणाले, आणखी एकदा फुंकतो, तोच आकडा येतो का बघू. दुसऱ्यांदा किंचित कमी आला. मग तिसऱ्यांदा फुंकणं भागच होतं. शेवटी मामांनी हवालदारालाच फुंकायची विनंती केली, कारण न प्यायलेल्या माणसाचा आकडा शून्य येतो की नाही हे पाहिल्याशिवाय मशीन बरोबर आहे हे कसं कळणार. हवालदार थकला होता, त्यानं फुंकलं. शून्य आलं. मामा समाधानानं म्हणाले, "बराबर हाय मशीन. आना, कुठं सही करायची?" ही हकिगत नंतर मला त्या हवालदारानंच सांगितली, तो माझ्या एका विद्यार्थ्याचा चुलता निघाला. नोकरीत एवढा सहकार्य करणारा आरोपी पुन्हा भेटला नाही, असं तो म्हणत होता.

जीप जमा झाली, मामा एसटीनं घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. बातम्या या रस्त्यावर एसटीपेक्षा वेगानं धावतात. मामींनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून तो तेव्हा तिथे गेलेल्या माझ्या बायकोनंही ऐकला. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "बाबा, जीप घेऊन न्यायला नका येऊ. मी एसटीनं येते. तुमच्या गाडीत मी माझं लेकरू बसवनार न्हाई." आणि पुढे, "आमच्या वॉर्डात रोज आनतात अशी मान्सं," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ज्या माणसानं आयुष्यात कोणतीही गोष्ट प्रश्न विचारल्याशिवाय सोडली नव्हती, त्यानं त्यावर काहीही विचारलं नाही. दोन दिवस दुकान उघडलं नाही. सेनगावात मोटारी जळत होत्या आणि भरायला माणूस नव्हता.

तिसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले. रविवार नव्हता, म्हणून मी ओळखलं, की प्रश्न मोठा आहे. प्रश्न असा होता, की बाकीच्या देशांत प्यायलेला माणूस सापडला तर काय करतात. आम्ही फोनवर शोधत बसलो. दंड, तुरुंग, लायसन्स जप्त हे सगळं आपल्यासारखंच. पण काही देशांत कोर्ट आणखी एक हुकूम देतं: त्या माणसाच्या गाडीला एक यंत्र बसवायचं. किल्ली फिरवायच्या आधी त्यात फुंकायचं. तोंडाला दारू असेल तर गाडी सुरूच होत नाही. वाटेतही ते अधूनमधून पुन्हा फुंकायला लावतं. दुसऱ्या कुणाकडून फुंकवून घ्यायला जावं तर समोर कॅमेरा, आणि वायर तोडली तर तीही नोंद कोर्टात जाते. मामा ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. म्हणाले, "म्हंजी मानूस म्हनतो 'मी न्हाई पेलो', त्याला कुनी विचारतच न्हाई. गाडीला विचारतात." मी म्हणालो, हो. मामा म्हणाले, फार इमानदार कायदा आहे.

पुढचं कुणाला खरं वाटत नाही, पण मी कोर्टात हजर होतो. मामांनी गुन्हा कबूल केला, दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी जमा करायचं ठरलं. काही म्हणायचं आहे का, असं न्यायाधीश मॅडमनी रिवाज म्हणून विचारलं. या प्रश्नाला मामा काहीतरी म्हणतील याची मला भीती होतीच. मामांनी खिशातून माझ्याकडून लिहून घेतलेला कागद काढला आणि विनंती केली, की आपल्या जीपला फुंकायचं यंत्र बसवायचा हुकूम व्हावा. आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. कमी शिक्षा मागणारे अशील त्यानं पाहिले होते, जादा मागणारा हा पहिला. मॅडमनी कागद पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, की आपल्या कायद्यात अशी तरतूद नाही, त्यामुळे हुकूम देता येत नाही; पण तुम्ही स्वतः होऊन बसवणार असाल तर कायदा तुम्हाला अडवणार नाही. मामांनी हा हुकूमच धरला. बाहेर आल्यावर चहा पिताना म्हणाले, कोर्टानं परवानगी दिली.

पोलिसांकडून सुटून आलेली जीप लायसन्स नसल्यामुळे दारात उभी होती, आणि मामा रोज दुकान बंद झालं की तिच्यात जाऊन बसत. दारूचा वास ओळखणारा एक बोटाच्या पेराएवढा सेन्सर मिळतो, तो मी मागवून दिला. आमच्या कॉलेजातली पोरं प्रोजेक्टसाठी वापरतात. जीपची वीज तोडणारा रिले मामांच्या दुकानातला. नकार आला की वाजायला जीपचाच रिव्हर्सचा भोंगा. पट्ट्या वेल्डिंग करून दिल्या त्यांच्या तीस वर्षांपासूनच्या शेजाऱ्यानं, गॅरेजवाल्या गफूरभाईंनी. प्रश्न तोंडाच्या नळीचा राहिला. प्लास्टिकच्या नळीला स्वतःचाच वास येतो म्हणून मामांनी ती नाकारली, आणि एके दिवशी मामींच्या जुन्या चुलीची पितळी फुंकणी स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. गॅस आल्यापासून ती माळ्यावर पडून होती, पण नाहीशी झाली म्हटल्यावर मामींना तिची अतोनात गरज भासू लागली. ती सापडली जीपमध्ये, स्टिअरिंगच्या शेजारी, घासूनपुसून लख्ख. तेव्हापासून त्या अख्ख्या यंत्राचं नाव फुंकणी पडलं.

फुंकणीचा स्वभाव मात्र नाजूक होता. किल्ली अर्धी फिरवली की आधी सेन्सर तापायला दोन मिनिटं द्यावी लागत. त्याआधी फुंकलं तर ती काहीही सांगे. दोन मिनिटं म्हणजे किती मोठा वेळ असतो, हे नुसतं बसून राहिल्याशिवाय कळत नाही. आणि तापल्यावर तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. व्यसनमुक्तीवर गावोगाव भाषणं देणारे एक निवृत्त मुख्याध्यापक मुद्दाम कौतुक करायला आले, चार लोकांसमोर त्यांनी फुंकलं आणि भोंगा वाजला. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहवेना. मामा हसले नाहीत, उलट डोळे चमकले. त्यांनी एकेक चौकशी करत मूळ शोधलं, तर मुख्याध्यापक गुडघ्यांसाठी होमिओपॅथीचे थेंब, म्हणजे थोडी दारूच, पिऊन आले होते. मग गफूरभाई बसले. त्या दिवशी शुक्रवार, नमाजहून आलेले, कपड्यांना अत्तर. सगळ्यांना वाटलं आता भोंगा वाजणार. जीप पहिल्या फुंकरीत सुरू झाली. गफूरभाई खाली उतरून म्हणाले, "हमारा इत्तर बगैर शराब का है. मशीन पढी-लिखी है." त्यानंतर महिनाभर मामांनी घरातलं जे जे तोंडात जातं ते फुंकणीपुढे नेऊन पाहिलं: पान, व्हिनेगर, पिकून काळी पडलेली केळी, खोकल्याचं औषध. निकाल माझ्याच एका जुन्या जर्नलात लिहिले. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यानं एवढ्या निष्ठेनं प्रॅक्टिकल केलेलं मला आठवत नाही.

एका रविवारी मामींनी फुंकून पाहिलं. मामी म्हणजे जन्मभर सोड्याच्या बाटलीकडेही संशयानं पाहणारी बाई. भोंगा वाजला. मामी दोन्ही वेळ जेवणानंतर द्राक्षासव घेतात, हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्या रागानं खाली उतरल्या आणि पायरीवर बसून मला म्हणाल्या, "जावई, तुमी अन् तुमचे मामा काय नवं करून राहिले? आमच्या घरात ही मशीन पहिल्यापासून व्हती." मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. मुलगी लहान असताना बाजाराच्या दिवशी मामा दाराशी आले की मामी तिला पुढे पाठवायच्या. ती बापाच्या पुढ्यात टाचा उंचावून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, हा करा." मामा वाकून हा करायचे. पोरगी हुंगून आत आवाज द्यायची, "हाय" किंवा "न्हाई". न्हाई म्हटलं तर जेवणाचं पान स्वयंपाकघरात, हाय म्हटलं तर बाहेर ओसरीवर. दहा वर्षांची असताना एकदा तिनं खूप वेळ हुंगलं आणि "न्हाई" म्हणाली. मामा आत आले, पाटावर बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी स्वतःच उठून ओसरीवर जाऊन बसले. पोरगी बापासाठी खोटं बोलली होती. त्या दिवसानंतर तिनं पुन्हा कधी हुंगलं नाही आणि कुणी तिला सांगितलंही नाही. मामी हे सांगत होत्या तेव्हा मामा जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून होते, आणि तिथे करण्यासारखं काहीही नव्हतं.

मला तेव्हा कळलं, की हा माणूस मशीन का बनवतो आहे. मुलीला फोन करून "सोडली" म्हणणं सोपं होतं. आमच्याकडे बाप लोक ते म्हणतात, लेकी ऐकून घेतात आणि दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. मामांना तिच्यावर पुन्हा खरं-खोटं करायची पाळी आणायची नव्हती. म्हणून त्यांनी साक्ष द्यायला पितळेची नळी उभी केली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एवढं खरं, की कनेरगाव नाक्यानंतर मामा प्यायले नव्हते. बाजाराच्या दिवशी संध्याकाळ झाली की ते तांब्याची तार गुंडाळत बसायचे, आणि त्या काळात भरलेल्या मोटारी अजून जळलेल्या नाहीत.

लायसन्स परत मिळालं आणि सातवा महिना लागला. मामांनी मुलीला निरोप पाठवला, की जीप घेऊन येतो. मशीन बसवली आहे, ती समोर फुंकून दाखवतो. पटलं तर बस, नाही पटलं तर मी तुझ्याबरोबर एसटीनं येतो. मुलगी बरं एवढंच म्हणाली. ठरल्या दिवशी सकाळी मामा-मामी सेनगावहून हिंगोलीला आले, मला घेतलं. निघताना मामा एका मेडिकल दुकानापाशी थांबले, एकटेच आत गेले आणि काहीतरी खिशात घालून आले. मी विचारलं नाही. कनेरगाव नाक्यावरचा तो ढाबा आला तेव्हा मामांनी उगीचच दोनदा गिअर बदलला आणि सरळ समोर पाहत जीप पुढे काढली.

वाशीमला व्याह्यांनी चहा-पोहे केले, विहीणबाईंनी सुनेची ओटी भरली. आत निरोपाचं चाललं असताना मामा लवकर उठून बाहेर गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते स्टिअरिंगवर ताठ बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, फुंकणी उन्हात चमकत होती. गल्लीतले पंधरा-वीस लोक जमले होते, कारण या मशीनची कीर्ती आमच्या आधी पोचली होती. मुलगी पायरीवर पिशवी धरून उभी राहिली. मामांनी अर्धी किल्ली फिरवली, दोन मिनिटं थांबले, छातीभर श्वास घेतला आणि फुंकलं.

भोंगा वाजला.

मामांनी आश्चर्यानं नळीकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदाही तेच. गल्लीत एक माणूस हसला आणि लगेच गप्प झाला. व्याही दुसरीकडे पाहू लागले. मामी पायरीवर बसल्या. मी सकाळपासून त्यांच्याबरोबर होतो, पण त्या क्षणी माझ्याही मनात मेडिकलचं दुकान आणि मामा एकटेच बाहेर होते ती दहा मिनिटं आली, हे मी इथं लिहून ठेवतो; मला त्याची आजही लाज वाटते. व्याह्यांचा भाऊ मदतीला पुढे आला, म्हणाला, एखादी वायर इकडची तिकडे जोडा अन् निघा. कोणती वायर ते मामांना डोळे मिटून सापडली असती. मामा खाली उतरले. ते म्हणाले, "मशीन न्हाई म्हनली तर जीप न्हाई. आपलं ठरलं व्हतं. चल बाई, मी बसस्टँडवर येतो तुझ्यासंगं." आणि त्यांनी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला.

मुलीनं पिशवी दिली नाही. ती सात महिन्यांचं पोट सांभाळत पायऱ्या उतरली, बापाच्या समोर येऊन उभी राहिली. आता ती त्यांच्याएवढीच उंच होती, टाचा उंचावायची गरज नव्हती.

"बाबा, हा करा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग शिक्षकांनी सांगितल्यावर लहान पोरानं उघडावं तसं तोंड उघडून हा केलं. तिनं घाई केली नाही. मग मागे वळून, मामींकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "न्हाई."

मामी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मुलगी तेवढ्यात जीपमध्ये वाकून फुंकणी हुंगत होती. नर्सला तो वास ओळखायला कितीसा वेळ लागणार. तिनं विचारलं, हे स्पिरिटनं कुणी पुसलं. मामांनी खिशातून छोटी बाटली आणि कापूस काढला. मेडिकलमधून आणलं होतं ते हे. म्हणाले, "तू नर्स हायस. नळी घान दिसली असती तुला." महिनाभर पान, केळी, व्हिनेगर सगळं तपासलेल्या माणसाला आपण फुंकणीलाच दारूनं आंघोळ घातली, हे सुचलं नव्हतं. व्याही आधी हसले, मग सगळी गल्ली. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, स्पिरिट उडून जाईपर्यंत अर्धा तास थांबू, मग मशीन बरोबर सांगेल. मुलगी पुढच्या सीटवर चढून बसली होती. ती म्हणाली, "वायर जोडा बाबा. मी सांगते ना."

मामांनी वायर जोडली. वाशीम ते हिंगोली त्यांनी जीप इतकी हळू चालवली, की दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. तेवढ्या वाटेत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

सेनगावात मामांच्या मुलीला मुलगी झाली. नामकरणाला घरीच वंदना होती. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. आज मामा पाचवं म्हणतील म्हणून मी कान देऊन बसलो होतो. चार झाली आणि मामा गप्प. फक्त या वेळी ते छताकडे पाहत नव्हते. नातीच्या पाळण्याकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नंतर मी हळूच विचारलं. म्हणाले, तालीम करून राहिलो. त्याला आता दीड वर्ष झालं. तालीम अजून चालू आहे, आणि विहारात आता त्यांना कुणी काही विचारत नाही.

मागच्या महिन्यात मामांबरोबर हिंगोलीहून सेनगावला निघालो होतो. मामांनी किल्ली अर्धी फिरवली, दोन मिनिटं शांत बसले, फुंकणीत फुंकलं आणि मग जीप सुरू केली. माझं पेन खाली पडलं म्हणून मी वाकलो, तर डॅशबोर्डच्या खाली वाशीमला जोडलेली ती वायर तशीच होती. सेन्सर कशालाच जोडलेला नव्हता, त्याच्यावर धूळ बसली होती. म्हणजे त्या दिवसापासून जीप कुणाच्याही फुंकण्याशिवाय सुरू होते आहे, आणि दीड वर्ष हा माणूस रोज दोन मिनिटं थांबून एका बंद नळीत फुंकतो आहे. मी विचारलं, मामा, काहून? पंख्याच्या वरच्या हवेचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही, पण ते शोधताना मामा असे कधी गप्प झाले नव्हते. मग म्हणाले, "तिला ठाऊक हाय."

नळी बंद आहे हे मुलगी खरंच जाणून आहे. सुट्टीला आली की ती लेकराला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसते. मामा अर्धी किल्ली फिरवतात. ती दोन मिनिटं दोघं काही बोलत नाहीत. ती बाहेर पाहते, ते समोर. मग मामा फुंकतात, क्षणभर तिच्याकडे बघतात, आणि तिनं मान हलवली की किल्ली पूर्ण फिरवतात.